वाहनाचा नियम आणि वाहनाचा कर

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मासाची सांगता होते आणि विहार सुरू होतात. हिंगणघाट, वर्धा, पुलगाव, आर्वी ही गावे जोडत साधू-साध्वी सूर्योदयाच्या सुमारास रस्त्याच्या कडेने चालत असतात. सोबत विहारसेवेतील दोन-चार तरुण असतात. रस्त्याला पायवाट बहुधा नसते. पांढऱ्या पट्ट्याबाहेरची हातभर मुरमाची कड एवढीच त्यांच्या वाट्याची जागा. याच रस्त्याने थोड्या वेळाने दर्शनार्थी श्रावकांच्या गाड्या येतात, आणि त्या गाड्या वर्षागणिक उंच, रुंद व वजनदार होत चालल्या आहेत. विहारात अपघात होऊन साधू-साध्वी कालधर्म पावल्याच्या वार्ता समाज दरवर्षी ऐकतो, शोकसभा घेतो, निवेदने देतो. आपल्या अंगणात उभी असलेली गाडी या प्रश्नाचा एक भाग आहे, हा विचार मात्र त्या निवेदनांत क्वचितच आढळतो.

अमेरिकेतील महामार्ग सुरक्षेसाठी काम करणाऱ्या विमासंस्थेने २०२३ साली पादचाऱ्यांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बॉनेटची उंची ४० इंचांहून अधिक असलेल्या वाहनाची धडक ही ठेंगण्या, उतरत्या बॉनेटच्या गाडीच्या धडकेपेक्षा प्राणघातक ठरण्याचा संभव सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असतो, असे त्यात आढळले. कारण साधे आहे. ठेंगणी गाडी पायांवर आदळते, उंच गाडी छातीवर व डोक्यावर.

मग मोठ्या गाडीने समाजाला अधिक कर द्यावा काय, आणि द्यावा तर कोणत्या न्यायाने?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोठी कार रस्ता अधिक खराब करते म्हणून तिच्यावर कर हवा, हा युक्तिवाद टिकत नाही. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात जी प्रसिद्ध रस्ताचाचणी झाली, तिच्यातून निघालेला ढोबळ नियम असा की, रस्त्याची झीज ॲक्सलवरील भाराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. भार दुप्पट झाला तर झीज सोळापट. या हिशेबाने पाऊण टन भाराचा कारचा ॲक्सल आणि दहा टनांचा ट्रकचा ॲक्सल यांच्यात तीस हजार पटींहून अधिक अंतर पडते. रस्ते खरे झिजवतो तो भरलेला ट्रक. २०१८ साली केंद्र सरकारने चार चाकांच्या एका ॲक्सलची भारमर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. वाढ दिसायला तेरा टक्क्यांची, झीज मात्र सुमारे साठ टक्क्यांनी अधिक. त्यावर कोणी कापसाच्या गठाणी किंवा सोयाबीनची पोती आणखी वीस टक्के चढवली, तर झीज दुपटीच्या वर जाते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. तरीही भाडे वाचावे म्हणून ‘दोन टन जास्त घे’ असे वाहतूकदाराला सांगणारा व्यापारी हिंगणघाटच्या बाजारात अपवादात्मक नाही. रस्त्यातील खड्ड्यांबद्दल तोच सर्वांत मोठ्याने बोलतो, हेही नवल नाही.

मोठ्या कारवरील कराचा न्याय वेगळा आहे. ती अधिक इंधन जाळते, अधिक जागा अडवते, आणि पायी चालणाऱ्याला अधिक भय देते. हा खर्च मालकाच्या खतावणीत कोठेही नोंदला जात नाही. तो दुसऱ्याच्या खाती पडतो.

आता महाराष्ट्रातील व्यवस्था पाहावी. जड मालवाहू वाहनाचा कर त्याच्या वजनावर बेतलेला असतो. कारचा कर मात्र किमतीवर आणि इंधनावर ठरतो, तोही एकदाच. पेट्रोल गाडी दहा लाखांपर्यंत असेल तर ११ टक्के, वीस लाखांपर्यंत १२ आणि त्यापुढे १३. डिझेलला १३, १४ आणि १५. कंपनीच्या नावे नोंदणी केल्यास दर याहून चढा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात या कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख रुपये करण्यात आली. म्हणजे पेट्रोल गाडीची किंमत सुमारे दोन कोटी एकतीस लाखांच्या पुढे गेली की कर वाढायचा थांबतो. एवढ्या गाडीवाल्याला ही सवलत कशासाठी, हे कळणे कठीण.

एकरकमी कराचा मुख्य दोष पुढील हिशेबावरून ध्यानात येईल. आर्वीच्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेने आठ लाखांची लहान पेट्रोल गाडी घेतली. तिला ८८,००० रुपये कर पडला. ती वर्षाला तीन हजार किलोमीटर, म्हणजे पंधरा वर्षांत पंचेचाळीस हजार किलोमीटर फिरली. तिचा कर किलोमीटरमागे १ रुपया ९६ पैसे झाला. दुसऱ्या कोणी चोवीस लाखांची अडीच टनी गाडी घेतली, ३,१२,००० रुपये भरले आणि वर्षाला चाळीस हजार किलोमीटर पळवली. त्याचा कर किलोमीटरमागे अवघा ५२ पैसे. इंधनावरील कराने हे अंतर काहीसे भरून निघते हे खरे, पण एकरकमी कराची दिशा उलटीच राहते. शिवाय एकदा मोठी रक्कम मोजून झाली की, ‘गाडी घेतलीच आहे तर वापरू’ ही वृत्ती बळावते. कर खरेदीवर बसतो, फिरण्यावर बसत नाही.

वस्तू व सेवा कराचेही असेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबी व मर्यादित क्षमतेचे इंजिन असलेल्या लहान गाड्यांना १८ टक्के आणि मोठ्यांना ४० टक्के दर लागू झाला. भेद योग्य दिशेचा आहे. परंतु पूर्वी मोठ्या एसयूव्हीवर उपकरासह ५० टक्के भार होता, तो दहा टक्क्यांनी उतरला, हेही लक्षात घ्यावे. आणि मोजमाप लांबीचे असल्यामुळे कारखानदारांनी ३,९९५ मिलिमीटरच्या गाड्या काढल्या. सरकारने फूटपट्टी धरली, त्यांनी पाच मिलिमीटर सोडले. वजन नोंदणी पुस्तकात लिहिलेले असतेच. ते का पाहू नये?

टोलनाक्यावरही हलकी गाडी व अडीच टनी गाडी एकाच वर्गात मोडतात. १५ ऑगस्ट २०२५ पासून राष्ट्रीय महामार्गांसाठी ३,००० रुपयांत वर्षभर किंवा २०० फेऱ्या असा फास्टॅग पास मिळू लागला, म्हणजे एका नाक्याला पंधरा रुपये. पास केवळ खासगी कार-जीपला आहे. एसटीला नाही, ट्रकला नाही. जिल्ह्याच्या सेलू, वर्धा व आर्वी तालुक्यांतून जाणारा समृद्धी महामार्ग राज्याचा असल्याने तेथे हा पास चालत नाही. तेथे किलोमीटरप्रमाणे पैसे मोजावे लागतात, आणि तेच अधिक न्यायाचे. याउलट एसटीच्या तिकिटावर वर्षानुवर्षे साडेसतरा टक्के प्रवासी कर घेतला गेला. पन्नास माणसे एका गाडीत बसवून रस्ता मोकळा ठेवणाऱ्या बसवर असा बोजा, आणि एकटा माणूस सात आसनांची गाडी घेऊन निघाला तर त्याला पास, हे गणित कोणत्याही वाणिज्य शाखेच्या पुस्तकात बसणार नाही.

वर्ध्याला या प्रश्नाचा एक जुना जाणकार लाभला होता. जे. सी. कुमारप्पा हे मूळचे हिशेबतपासनीस. कोलंबिया विद्यापीठात सेलिग्मन या करशास्त्राच्या प्राध्यापकांकडे ते सार्वजनिक अर्थकारण शिकले आणि कर कोणाकडून घेतला जातो व खर्च कोणासाठी होतो, हाच प्रश्न त्यांनी भारताच्या दारिद्र्याच्या संदर्भात मांडला. पुढे मगनवाडीत त्यांनी ग्रामोद्योग संघाचे काम उभे केले आणि उत्तरायुष्यात सेलडोह येथे जाऊन राहिले. आज त्याच परिसरातून समृद्धीवरच्या गाड्या ताशी शंभराच्या वर वेगाने जातात.

पर्याय अशक्य नाहीत. फ्रान्सने २०२२ पासून नव्या गाडीच्या ठरावीक वजनापुढे प्रत्येक किलोमागे आकार लावला. पॅरिसमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये मतदान होऊन जड गाड्यांचे पार्किंग तिप्पट महाग करण्याचा कौल मिळाला. मात्र मतदानाला सहा टक्केही मतदार आले नाहीत. आपल्याकडे एकरकमी कर कमी करून उरलेला भाग गाडीचे वजन व वर्षभरातील किलोमीटर यांवर घेता येईल. पीयूसीच्या वेळी मीटरचा आकडा नोंदवणे अवघड नाही. लबाडी होईल, पण ती मीटरमध्ये होते तशी पावतीतही होते. मात्र सर्वांना एक माप लावणे अन्याय ठरेल. वर्ध्याहून नागपूरला रेल्वेगाड्यांची वाण नाही, तेथे एकट्याने कार नेणे ही हौस आहे. पुलगाव-आर्वी ही अरुंद मापाची गाडी मात्र केव्हाच बंद पडली. आर्वी, आष्टी, कारंजाच्या माणसाला रात्री रुग्ण न्यायचा तर गाडीवाचून गत्यंतर नाही. अशा तालुक्यांना काही किलोमीटरची सूट असावी, आणि प्रवासी कर तर आधी उतरावा.

जैन कुटुंबांना हा विचार परका नाही. रोज सकाळी धारण करावयाच्या चौदा नियमांत ‘वाहन’ हा एक नियम आहे आणि ‘दिशा’ हा दुसरा. आज किती वाहने वापरीन, कोणत्या दिशेला किती दूर जाईन, याची मर्यादा श्रावक स्वतः बांधतो. निष्प्रयोजन हिंसेला शास्त्राने अनर्थदंड म्हटले आणि त्यापासून विरमण हे व्रत सांगितले. कोपऱ्यावरच्या दुकानात दही आणायला इंजिन सुरू करणे हे त्याहून वेगळे काय?

येथेच व्यापारी कुटुंबाच्या खतावणीचा एक नाजूक भाग येतो. गाडी पेढीच्या नावे, घसारा १५ टक्के, कर्जाचे व्याज व डिझेल पेढीच्या खर्चात, आणि प्रवास लग्नाचा, तीर्थाचा, सासरचा. खासगी वापराचा भाग वजावटीतून वगळावा असे आयकर कायदा सांगतो. किती पेढ्या तो प्रामाणिकपणे वगळतात? न वगळलेल्या प्रत्येक रुपयात सरकारचा, म्हणजे एसटीत उभ्याने जाणाऱ्याचाही वाटा असतो. हा अदत्तादानाचाच प्रकार नव्हे काय, हे ज्याने त्याने आपल्या सनदी लेखापालाला नव्हे, गुरुमहाराजांना विचारावे.

काही पेढ्यांत ड्रायव्हरजवळ वही असते: तारीख, कोठून कोठे, किलोमीटर, काम. शेवटच्या रकान्यात ‘घरचे’ असा शब्द आला की मुनीम तो आकडा मालकाच्या खाजगी खात्यावर टाकतो. वहीची किंमत चाळीस रुपये आहे.