मागासलेले की मागे ठेवलेले?

जानेवारी 2018 मध्ये केंद्र सरकारने देशातील शंभरावर जिल्ह्यांची एक यादी जाहीर केली. महाराष्ट्रातून त्या यादीत चार जिल्हे होते : गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद आणि आपला वाशिम. या जिल्ह्यांना नाव मिळाले 'ॲस्पिरेशनल डिस्ट्रिक्ट्स'. सरकारी मराठीत त्याचे 'आकांक्षित जिल्हे' झाले. त्या दिवसापासून मानोरा तालुक्यातला शेतमजूर, तांड्यावरची ऊसतोड बाई आणि बौद्ध वस्तीतला बेरोजगार पदवीधर, सारेच एका 'आकांक्षित' जिल्ह्याचे रहिवासी झाले. कालपर्यंत ज्याला 'मागास' म्हणत, तो आज 'आकांक्षित' झाला. पण नळाला पाणी आले का? शेताला कालवा आला का? हे प्रश्न विचारायच्या आधी आम्ही या शब्दाकडेच पाहू इच्छितो. कारण शब्द निरुपद्रवी नसतात. ज्यांच्यावर हजारो वर्षे शब्दांनीच राज्य केले, त्या समाजाला तरी हे सांगायची गरज पडू नये.

इंग्रजीत पुढे विशेषण आणि मागे नाम ठेवण्याची एक साधी रचना आहे. बॅकवर्ड क्लास, डिप्रेस्ड क्लासेस, क्रिमिनल ट्राइब्ज, वीकर सेक्शन्स. ही रचना पाचवीतल्या पोरालाही येते. पण ती काय सांगते आणि काय लपवते, हे पदवीधरालाही कुणी शिकवत नाही. पूर्ण वाक्य करायचे तर कर्ता लागतो. 'अमक्याने तमक्याला गावाबाहेर काढले' असे म्हटले की काढणारा कोण, ते सांगावेच लागते. शब्दांची नुसती जोडी केली की कर्ता गळून पडतो. उरते ती फक्त माणसाची अवस्था. जणू ती अवस्था आकाशातून पडली!

मराठीतही हाच डाव चालतो. 'मागासलेला' म्हणजे जो स्वतःच मागे पडला तो. 'मागे ठेवलेला' म्हणजे ज्याला दुसऱ्या कुणीतरी मागे ठेवले तो. दोन शब्दांत फरक थोडासा, पण पहिला शब्द दोष आमच्या माथी मारतो आणि दुसरा गुन्हेगाराला शोधायला लावतो. सरकारी कागदावर, शाळेच्या दाखल्यावर आणि पुढाऱ्यांच्या भाषणात आजवर कोणता शब्द चालत आला? मागासवर्गीय. तो शब्द आमच्याही तोंडी इतका बसला की त्यातला दोषारोप ऐकू येईनासा झाला.

या बाबतीत बाबासाहेबांनी केलेले काम चळवळीतल्या प्रत्येक कार्यकर्त्याने अभ्यासले पाहिजे. 1906 मध्ये विठ्ठल रामजी शिंदे यांनी 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन' काढले. त्याचे मराठी नाव होते 'भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी'. शिंदे यांच्या कळकळीबद्दल शंका नाही. पण 'निराश्रित' म्हणजे ज्याला आश्रय नाही तो, आणि आश्रय देणारा आला की प्रश्न मिटला. बाबासाहेबांनी 1924 मध्ये सभा काढली ती 'बहिष्कृत हितकारिणी' आणि 1927 मध्ये पत्र काढले ते 'बहिष्कृत भारत'. 'बहिष्कृत' हा शब्द उच्चारला की बहिष्कार कोणी घातला, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. निराश्रिताला दया हवी असते. बहिष्कृत हिशेब मागतो.

पुढे 4 नोव्हेंबर 1931 रोजी गोलमेज परिषदेला बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी पुरवणी निवेदन दिले. त्यात राजकीय हक्कांबरोबर नावाचाही प्रश्न होता. 'डिप्रेस्ड क्लासेस' हे नाव अपमानकारक आहे, ते बदला, अशी मागणी त्यात होती आणि पर्यायी नावेही सुचवली होती. मतदारसंघाचा प्रश्न टांगणीला लागला असताना हा माणूस दोन शब्दांच्या नावासाठी का भांडत होता? कारण कायद्यात एकदा बसलेले नाव पिढ्यानपिढ्या निघत नाही, हे त्यांना माहीत होते.

1935 च्या कायद्याने 'शेड्यूल्ड कास्ट्स' ही संज्ञा आणली. रचना तीच, पण गुणधर्म वेगळा. 'शेड्यूल' म्हणजे अनुसूची, यादी. ज्यांची नावे यादीत आहेत त्या अनुसूचित जाती. हा शब्द माणसाच्या लायकीबद्दल काही बोलत नाही, तो कायद्यातले स्थान सांगतो. यादीत कोणी घातले, याचेही उत्तर आहे. संविधानाच्या कलम 341 प्रमाणे राष्ट्रपती यादी जाहीर करतात आणि नंतर तिच्यात फेरफार करण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे. जिथे कर्ता माहीत असतो, तिथे त्याला जाबही विचारता येतो. म्हणूनच 1942 मध्ये नागपूरला स्थापन झालेल्या पक्षाने 'शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन' हे नाव घेतले. 1948 च्या 'दि अनटचेबल्स' या ग्रंथात तर बाबासाहेबांनी प्रश्न थेट नावातच घातला : हे लोक कोण होते आणि ते अस्पृश्य का झाले? 'ब्रोकन मेन', म्हणजे फुटून पांगलेल्या टोळ्यांतली माणसे, ही त्यांची मांडणीही दोन शब्दांवर थांबत नाही. कोणी फोडले, कधी, कशासाठी, याचा शोध पुढे सबंध ग्रंथभर चालतो.

आता मानोऱ्याकडे वळू. याच तालुक्यात पोहरादेवी आहे. देशभरचा बंजारा समाज संत सेवालाल महाराजांच्या समाधीपुढे माथा टेकायला तिथे येतो. महाराष्ट्रात हा समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे. हे 'विमुक्त' कुठून आले? 1871 मध्ये इंग्रज सरकारने 'क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट' केला. 'क्रिमिनल' हे विशेषण एका माणसामागे लावायचे तर साक्षीपुरावा लागतो, कोर्ट लागते. तेच विशेषण 'ट्राइब्ज' या शब्दाला जोडले की काहीच लागत नाही. मग पाळण्यातले लेकरूही गुन्हेगार ठरते. जे मनूने जन्मावरून केले, तेच इंग्रज साहेबाने विशेषणावरून केले! 1952 मध्ये हा कायदा गेला आणि या जमाती 'डीनोटिफाइड' झाल्या. म्हणजे सूचीतून काढलेल्या. पण काढणाऱ्यांनी माफी मागितली नाही आणि भरपाईही दिली नाही. पोलिसांच्या वहीतला संशय तसाच राहिला. तांडा आणि बौद्ध वस्ती यांचे दुखणे इथे एक आहे. दोघांवरही नाव दुसऱ्याने ठोकले. हे कळले तर निवडणुकीच्या वेळी दोघांत भांडणे लावणाऱ्यांचे काय होईल?

आता दाखल्यांचे पाहा. कॉलेजात प्रवेश घेणाऱ्या आमच्या मुलांना 'कास्ट व्हॅलिडिटी सर्टिफिकेट' लागते. मराठीत जात वैधता प्रमाणपत्र. इंग्रजीतली ही तीन नामांची माळ शेवटाकडून वाचायची असते : प्रमाणपत्र, कशाचे? वैधतेचे. वैधता कशाची? जातीची! या देशात जात वैध आहे, असे कोणत्या संविधानात लिहिले आहे? यासंबंधी महाराष्ट्राचा 2000 सालचा जो कायदा आहे, त्याच्या नावात जात प्रमाणपत्र देण्याचे आणि त्याच्या पडताळणीचे नियमन आहे. पडताळायचा असतो तो दाखला. पण बोलीत 'व्हॅलिडिटी' जातीला चिकटली आणि पोरगा मित्राला विचारतो, तुझी जात व्हॅलिड झाली का?

याहून मोठा डाव 2019 मध्ये झाला. 103 व्या घटनादुरुस्तीने 'इकॉनॉमिकली वीकर सेक्शन्स' म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी 10 टक्के आरक्षण आले. शब्द वाचले तर देशातला प्रत्येक गरीब त्यात बसतो. मानोऱ्यातला भूमिहीन बौद्ध मजूर दुर्बल नाही काय? तांड्यावरची विधवा दुर्बल नाही काय? पण कलमाने त्या शब्दांचा अर्थ बांधून दिला आहे. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग यातून वगळलेले आहेत. नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी हे वैध ठरवले, आणि या वगळण्यावर विरोधातल्या दोन न्यायमूर्तींनी बोट ठेवले. शब्द सर्वांचे आणि लाभ काहींचा! शब्दकोश पाहून कायदा कळत नाही. शब्द कोणत्या कलमात, कोणत्या व्याख्येखाली बसवला आहे, ते पाहावे लागते. 'ओपन' चे नेमके उलटे. 'ओपन' म्हणजे सर्वांना खुला. गुणवत्तेवर आमचा मुलगाही त्यात बसतो. पण व्यवहारात 'ओपन' ही जणू एका वर्गाची जातच होऊन बसली आहे.

आता पुन्हा 'आकांक्षित' कडे येऊ. विदर्भाच्या बाबतीत एकेकाळी 'अनुशेष' हा शब्द चाले. 1984 च्या दांडेकर समितीच्या अहवालाने तो घरोघरी नेला. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष. अनुशेष म्हणजे येणे बाकी. बाकी म्हटली की देणेकरी आलाच, रक्कम आली, मुदत आली. पुढे 'मागास' हा शब्द पुढे सरकला आणि देणेकरी नाहीसा झाला. आता 'आकांक्षित' आला आणि मागासलेपणही नाहीसे झाले. उरली फक्त आमची इच्छा! खरे तर 'आकांक्षी' म्हणजे इच्छा धरणारा आणि 'आकांक्षित' म्हणजे ज्याची इच्छा धरली ते. म्हणजे भाषांतरातही जिल्ह्याच्या वाट्याला धड इच्छा आली नाही. आरोग्य, शिक्षण, शेती व पाणी, वित्तीय समावेशन व कौशल्य, पायाभूत सुविधा अशा पाच विषयांत 49 निर्देशांकांवर जिल्ह्यांचे गुण मोजले जातात. मोजू द्या. एखादे काम चांगले झाले तर त्याचे स्वागतही करू. पण येणे बाकीचा प्रश्न गुणपत्रिकेने मिटत नाही.

शब्दांवर भांडून पोट भरत नाही, असे काहीजण म्हणतील. त्यांना आम्ही विचारतो, दाखला अडला की शिष्यवृत्ती अडते, व्याख्येतून वगळले की नोकरी जाते, मग पोटाचा आणि शब्दाचा संबंध नाही कसा? 2000 पासून राज्यातल्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी आमच्या मुलांना इंग्रजी शिकवले जाते ते शब्दार्थ पाठ करायला. ही भाषा आम्हाला हवीच आहे, पण साहेबाची नक्कल करण्यासाठी नव्हे. तिच्यात लिहिलेला हुकूम उलगडण्यासाठी.

म्हणून मानोरा, कारंजा, मंगरूळपीर इथल्या कार्यकर्त्यांना आमची एक सूचना आहे. विहारात, वाचनालयात, तांड्यावरच्या अभ्यासिकेत आठवड्यातून एक तास काढा. सरकारी पत्रकातली अशी एक इंग्रजी शब्दजोडी फळ्यावर लिहा. मुलांना तिचे पूर्ण वाक्य करायला सांगा. कोणी केले? कोणाला केले? केव्हा केले? कायद्याच्या कोणत्या कलमात त्याचा अर्थ दिला आहे? चार प्रश्न पुरेत. ज्या मुलीला 'बॅकवर्ड व्हिलेज' चे वाक्य करता येईल, तिला उद्या ग्रामसभेत उभे राहून पाण्याच्या निधीचा हिशेबही मागता येईल. बाबासाहेबांनी पहिला आदेश दिला तो शिकण्याचा. त्या शिक्षणात व्याकरणही येते, आणि वाक्यातून हरवलेला कर्ता शोधून काढणे हे चळवळीचेच काम आहे.