कळ ज्याची त्याची, संकेत सर्वांचा

संगणकावर नित्य मराठी लिहिणारी माणसे आता खेड्यापाड्यांतही आहेत. परंतु ज्या कळफलकावर आपण लिहितो त्याच्या मांडणीत आपल्यालाही फेरबदल करता येतो, ही कल्पना त्यांपैकी फारच थोड्यांच्या मनाला शिवलेली दिसते. अमुक अक्षर सापडत नाही, तमुक जोडाक्षर उमटत नाही, अशी कुरकुर करीत आणि अखेरीस हाती लागेल त्या अक्षरावर वेळ मारून नेत आपण यंत्राचा शिरस्ता निमूटपणे पाळत राहतो. जणू काही कळफलकाची मांडणी हे वरिष्ठ दरबारातून सुटलेले फर्मान असून त्यावर अपील चालत नाही. ही समजूत निराधार आहे. मांडणी बदलण्याची मुभा लिहिणाऱ्याला आधीच आहे आणि ती त्याने अवश्य वापरावी. मात्र तिची हद्द कोठे संपते हेही त्याने नीट ओळखावे, कारण त्या हद्दीपलीकडे त्याच्या एकट्याच्या सोयीचा प्रश्न उरत नाही, साऱ्या मराठी लेखनाच्या शिस्तीचा होतो.

कळ दाबली म्हणजे संगणकाकडे अक्षर जाते असे आपण समजतो. वस्तुतः जातो तो केवळ एक क्रमांक. ज्या कळीवर इंग्रजी 'ए' छापलेला असतो ती दाबली असता यूएसबी पद्धतीचा कळफलक ४ हा अंक पाठवतो. त्या अंकाचा अर्थ 'ए' करावा, फ्रेंच वहिवाटीप्रमाणे 'क्यू' करावा, की इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या मांडणीप्रमाणे ओकाराची खूण करावी, याचा निर्णय संगणकाची कार्यप्रणाली आपल्या दप्तरी असलेला एक तक्ता पाहून करते. तक्ता बदलला की अर्थ बदलतो. कळीवरची छपाई तेवढी जागच्या जागी राहते. शिवाय एकेका कळीला या तक्त्यात बहुधा चार घरे असतात: साधी कळ, शिफ्टसह, उजव्या ऑल्टसह आणि त्या दोहोंसह. यांपैकी शेवटची दोन घरे पुष्कळदा रिकामीच पडून असतात.

ही मोकळीक मराठीच्या वाट्याला फार उशिरा आली. टंकलेखन यंत्रात कळ आणि अक्षराचा खिळा एकमेकांना पोलादाने जखडलेले होते. मोजक्या कळांत देवनागरी बसवायची म्हणून अर्धी अक्षरे आणि उभा दंड वेगळे ठोकावे लागत, आणि ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर येत असली तरी कागदावर आधी उमटवावी लागे. पुढे संगणक आला, पण त्याबरोबर आलेल्या खासगी टंकांनी निराळाच घोळ घातला. इंग्रजी अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरीचे आकार ज्याने त्याने आपल्या मर्जीने बसवले, त्यामुळे एका टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्या टंकात निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन बसे. त्या काळात कळफलक, टंक आणि मजकूर हे तिन्ही एकाच विक्रेत्याच्या ताब्यात होते, आणि मांडणी बदलणे म्हणजे आपलेच जुने कागद आपल्याला दुर्बोध करून घेणे होते.

या गोंधळातून वाट काढणारी इन्स्क्रिप्ट मांडणी केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रसृत केली, आणि १९९१ च्या भारतीय मानकात तिला अधिकृत स्थान मिळाले. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. अल्पप्राण साध्या कळीवर आणि त्याचा महाप्राण त्याच कळीच्या शिफ्टवर. आणि उच्चारात जो क्रम तोच लिहिण्यात, ही तिची तत्त्वे वर्णमालेच्या शास्त्रशुद्ध रचनेतूनच घेतलेली आहेत. एकच मांडणी देवनागरीला, गुजरातीला, कन्नडला, बंगालीला लागू पडावी ही त्यामागची दृष्टीही विशाल होती. पुढे युनिकोडने प्रत्येक वर्णाला जगन्मान्य संकेतांक दिला आणि मजकुराची कळफलकापासून कायमची फारकत केली. आज कोणी इन्स्क्रिप्टने लिहो, कोणी जुन्या रेमिंग्टन टंकलेखन यंत्राच्या सवयीने लिहो, वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

परंतु सर्व भारतीय लिप्यांचा समान विचार करणाऱ्या मांडणीत मराठीच्या स्वतंत्र गरजा मागे पडणे अपरिहार्य होते. मूळ इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि १ ही कळ दाबली की 'ऍ' उमटतो. तो हिंदीच्या पद्धतीचा. मराठीच्या 'ॲ'ला युनिकोडमध्येच ०९७२ हा स्वतंत्र संकेतांक मिळाला तो २००८ मध्ये, मग १९८६ च्या मांडणीत त्याला जागा कोठून असणार? महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला निश्चित करताना 'ॲ' आणि 'ऑ' यांना स्वरांत मानाचे स्थान दिले. मात्र शासननिर्णयाने अक्षर बोटांखाली येत नाही, आणि पुष्कळ ठिकाणी वकिलांच्या नावाआधी अजूनही 'ऍड.' छापलेले आढळते. सुधारित मांडण्या पुढे निघाल्या हे खरे, परंतु प्रत्येक संगणकावर त्या आयत्या सापडतीलच असा भरवसा नाही.

अशा वेळी लिहिणाऱ्याने स्वतः काय करावे? विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचेच 'कीबोर्ड लेआउट क्रिएटर' हे विनामूल्य साधन आहे. प्रचलित मराठी मांडणी त्यात उघडावी, रिकाम्या घरांत हवे ते वर्ण ठेवावेत आणि नव्या नावाने ती संगणकावर चढवावी. त्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात, म्हणून कचेरीतल्या संगणकावर संबंधितांची परवानगी काढणे ओघानेच आले. मॅकवर हेच काम 'युकेलेले' करते. लिनक्समध्ये तर तो तक्ता साध्या मजकुराच्या फाइलीत, कळीमागे एक ओळ अशा रीतीने, उघड्यावरच मांडलेला असतो. फक्त मूळ फाइलीत खाडाखोड करू नये, कारण प्रणालीच्या पुढच्या अद्ययावतीकरणात ती पुसली जाते. अलीकडच्या आवृत्त्यांत अशी भर वापरणाऱ्याच्या खासगी कप्प्यात ठेवण्याची सोय झाली आहे. आणि एकच मांडणी संगणकावर व भ्रमणध्वनीवर दोन्हीकडे हवी असेल त्याच्यासाठी 'कीमॅन' आहे. यांतले एकही काम प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे नव्हे. ज्याला कोष्टक वाचता येते त्याला ते एका दुपारी साधावे.

इथवर स्वातंत्र्य झाले, आता मर्यादा. कोणती कळ दाबायची हा प्रत्येकाचा खासगी मामला आहे, परंतु त्या कळीतून कोणता संकेतांक बाहेर पडतो हा सार्वजनिक मामला आहे. 'कऱ्हाड' हे गावाचे नाव घ्या. त्यातला अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो: ०९३१ या संकेतांकाचा 'ऱ' घेऊन त्याला हलन्त जोडावा, किंवा साध्या 'र'ला हलन्त जोडून त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह ठेवावे. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, डोळ्याला तिळमात्र भेद कळत नाही. पण संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द आहेत, आणि शोधयंत्रणेने खास तजवीज केली नसेल तर एका रूपाने शोधणाऱ्याला दुसऱ्या रूपातला कऱ्हाड सापडत नाही. 'ॲ'चेही तसेच: अ लिहून त्यावर चंद्र ठेवला तर दिसायला काम भागते, पण ०९७२ हा वर्ण काही मजकुरात येत नाही. सातबाराचे उतारे, मतदारयाद्या, न्यायनिवाडे, कोश, सारे काही शोधावर विसंबू लागलेले असताना ही दुही किरकोळ मानता येणार नाही. खासगी टंकांच्या काळातला घोळ निदान डोळ्यांना दिसत तरी होता. हा दिसतही नाही, म्हणून अधिक घातक.

यावर कोणी म्हणेल की असा धोका असेल तर सर्वांनी एकच सरकारी मांडणी वापरावी आणि हौशी लोकांचे हात बांधावेत. टंकलेखनाच्या परीक्षांसाठी आणि कचेऱ्यांसाठी एक प्रमाण मांडणी असावी, हे मलाही मान्य आहे. इन्स्क्रिप्ट ही त्या मानास पात्रही आहे. परंतु सक्तीने दुही मिटणार नाही, कारण तिचे मूळ हौशी फेरबदलांत नसून प्रमाण मांडणीतल्या उणिवेत आहे. ज्याला 'ॲ' सापडत नाही तोच अ वर चंद्र चढवतो. त्याच्या बोटाखाली खरा 'ॲ' ठेवा, तो आपण होऊन शुद्ध लिहील. म्हणून उलट असे म्हणावेसे वाटते की नेटकी केलेली खासगी मांडणी ही शिस्तीला पोषकच ठरते. इन्स्क्रिप्टची मूळ घरे हलवू नयेत, भर घालायची ती रिकाम्या घरांतच घालावी, आणि प्रत्येक नव्या घरात युनिकोडने त्या वर्णासाठी नेमलेला संकेतांकच ठेवावा, एवढे तीन नियम पाळले की व्यक्तीची सोय आणि समाजाची शिस्त यांत विरोध उरत नाही. विंडोज आणि मॅकवर तर एकाच कळीतून दोन वर्ण पाठवता येतात, तेव्हा 'ऱ' आणि हलन्त ही जोडी एका घरात ठेवली तर 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील भेद एका ठोक्यात राखता येतो.

शासनाकडे मागणे आहे ते एवढेच, की २००९ च्या वर्णमालेतील प्रत्येक वर्णाचा आणि अर्ध्या 'ऱ'चा प्रमाण संकेतक्रम निःसंदिग्ध शब्दांत जाहीर करावा, त्यानुसार बनवलेली मांडणी विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींसाठी विनामूल्य उपलब्ध ठेवावी, आणि शासकीय संकेतस्थळांवरील शोधाला दोन्ही रूपे ओळखण्याची ताकीद द्यावी. तोवर लिहिणाऱ्याने वाट पाहत बसण्याचे कारण नाही. तक्ता त्याच्याच संगणकात आहे, आणि तो दुरुस्त करायला त्याला कोणाच्या हुकमाची गरज नाही.