मोफत तपासणीची पाटी

मेहुण्यांचा फोन आला. धाकटीला बीएएसएलपीला, म्हणजे ऐकण्या-बोलण्याच्या दोषांवरच्या पदवीला, प्रवेश मिळतोय, घ्यावा का? चार वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. पोरगी ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) होऊन बाहेर पडेपर्यंत तेच काम मोबाइल करायला लागला तर?

ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑस्बोर्न यांनी २०१३ साली ७०२ व्यवसायांचा हिशेब मांडला होता, कुणाचं काम संगणक खाईल याचा. त्यात ऑडिओलॉजिस्ट अगदी सुरक्षित टोकाला होते. धोका अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पण ऑक्टोबर २०२२ पासून अमेरिकेत कमी ऐकू येणाऱ्या प्रौढांना, दोष सौम्य किंवा मध्यम असेल तर, चिठ्ठी आणि तपासणीशिवाय दुकानातून श्रवणयंत्र घेता येतं. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या एफडीए या नियामक संस्थेनं ॲपलच्या एअरपॉड्स प्रोमधल्या सॉफ्टवेअरलाच श्रवणयंत्र म्हणून मान्यता दिली. चाचणी फोनवर, जुळवणीही फोनवर. कानाच्या मापाचं कवच पूर्वी कारागीर हातानं घासून बनवायचे, ते थ्रीडी प्रिंटरकडे कधीच गेलं. मेहुण्यांची काळजी अगदीच हवेतली नाही.

मी मात्र मावशीबरोबर श्रवणयंत्राच्या ट्रायलला बसलेलो आहे. काचेची केबिन, कानावर हेडफोन, टूं आवाज आला की बटण दाबायचं. हा भाग संगणक एकटा करील, खुशाल करू द्यावा. खरी कसरत नंतर. मशीन कानात बसल्यावर मावशी पहिलं काय बोलली, तर ‘हा पंखा एवढा खडखडतो?’ चष्मा लावला की लगेच दिसतं, तसं कानाचं नाही. वर्षानुवर्षं न ऐकलेले आवाज एकदम अंगावर येतात आणि मेंदूला त्यांची नव्यानं सवय करावी लागते. बहुतेक मशीनं सवयीच्या या पहिल्या आठवड्यांतच डबीत जातात, असं माझं आजूबाजूला पाहून झालेलं मत आहे.

‘बरं वाटतंय ना आजी?’ याला मावशी ‘हो हो’ म्हणाली. ऑडिओलॉजिस्ट बाईंचा त्यावर विश्वास बसला नाही. त्यांनी तोंडासमोर कागद धरला, म्हणजे ओठ वाचता येऊ नयेत, आणि साध्या आवाजात म्हणाल्या, ‘साठ.’ मावशी म्हणाली, ‘आठ.’ मग त्यांनी संगणकावर बारीक आवाज थोडे उचलले, मशीन शिट्टी मारायला लागलं, कानातला मोल्ड काढून पुन्हा बसवला. मध्येच सुनेकडे वळून, ‘स्वयंपाकघरातून हाक मारू नका, समोर येऊन बोला.’ उजव्या कानाचं मशीन लाल खुणेचं, डाव्याचं निळ्या, हे मावशीकडून पाठ करून घेतलं. ‘हो हो’ म्हणणाऱ्या म्हातारीला खोटं पाडणारं ॲप अजून माझ्या पाहण्यात नाही.

मग धोका नाहीच? आहे, आणि तो श्रवणयंत्रांच्या दुकानांच्या पाटीवरच लिहिलेला असतो: ‘कानाची मोफत तपासणी’. तपासणी मोफत, ट्रायल मोफत, पुढच्या खेपा मोफत. सगळी कमाई मशीनच्या किमतीत. उद्या मशीन ऑनलाइन स्वस्त झालं की हा नफा आटणार, आणि बाईंनी घालवलेल्या तासाला दरच नाही कारण तो कधी लावलाच नाही. भारतात ऐकण्याचा त्रास असलेले लोक सहा कोटींच्या वर आहेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. गिऱ्हाइकांचा तोटा नाही. तोटा आहे तो कामाचे पैसे वेगळे मागण्याच्या सवयीचा.

मागितले तर लोक कुरकुरणार, हेही खरं. माझा मावसभाऊच म्हणाला असता, ‘नुसता आवाज कमी-जास्त करायचे पैसे?’ आणि मग ऑनलाइन मशीन मागवून, सेटिंग कुठं करून मिळेल म्हणून गावभर फोन लावत बसला असता.