काचेपलीकडचा माणूस

आज 21 जून, जागतिक संगीत दिन. राजूरच्या डोंगराळ डांगाणात भाताची रोपे टाकली जात आहेत. पाऊस धरला की आवणी, म्हणजे रोपांची लावणी, सुरू होईल आणि चिखलात उभ्या बायांच्या ओठी गाणी येतील. गाणारा सर्वांना दिसतो. त्याचा सूर जपून टिपणारा मात्र स्टुडिओच्या काचेपलीकडेच राहतो. अशा एका मराठी माणसाचे आज स्मरण करायला हवे. ते म्हणजे जी. एन. जोशी.

खामगावचे गोविंदराव जोशी वकिलीचे शिक्षण घेतलेले, पण मुळात गायक. ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' त्यांच्या आवाजात तबकडीवर आली आणि घरोघर पोचली. 1938 साली ते एचएमव्ही या ध्वनिमुद्रिका कंपनीत रुजू झाले. गाता गळा असलेला माणूस कंपनीच्या खुर्चीत बसला, हे संगीताचे भाग्य. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत. तासन्‌तास राग फुलवणाऱ्या गवयाला एवढ्यात काय मांडायचे, हा पेच असे. तो सोडवायला समोर गाणे कळणारा माणूस लागतो. बडे गुलाम अली खाँ, अमीर खाँ, बेगम अख्तर यांचे सूर जोशींनी मुद्रित करून घेतले. कलावंतांची मने कशी सांभाळावी लागत, ते त्यांच्या 'स्वरगंगेच्या तीरी' या आठवणींत वाचायला मिळते.

1967 मध्ये त्यांनी 'कॉल ऑफ द व्हॅली' काढली. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत रागांतून उलगडणारी ही ध्वनिमुद्रिका. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. तिघेही तिशीच्या उंबरठ्यावर. संतूर आणि गिटार तर शास्त्रीय मैफलीत अजून आपली जागा शोधत होती. जोशींनी या तरुणांवर विश्वास टाकला आणि ती ध्वनिमुद्रिका जगभर गेली.

खोरे आपल्याकडेही आहे. प्रवरेच्या उगमाजवळच्या या मुलखात बोहाड्याच्या सोंगांसोबत संबळ घुमते, ठाकरवाड्यांत कांबड नाच रंगतो. मोबाइल आज प्रत्येकाच्या खिशात आहे, चित्रफितींचा तोटा नाही. पण अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात नाचणाऱ्याचे नाव नसते, गाव नसते, गाण्याचा अर्थ नसतो. यंत्र आले, कलावंताशेजारी बसून ऐकणारा माणूस आला नाही.

हक्काचीही बाब आहे. 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्या कलावंतांचा रॉयल्टीचा हक्क मान्य झाला. वाडीतल्या गायिकेला तो कुणी समजावून सांगायचा?

राजूरला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, आश्रमशाळा आहेत, शिकलेली तरुण मुले आहेत. त्यांनी यंदाच्या आवणीपासूनच सुरुवात करावी. आधी गाणाऱ्या आजीची परवानगी घ्यावी, गाणे पुरते ऐकावे, मगच मुद्रित करावे. तिचे नाव, गाव, गाण्याचे शब्द लिहून ठेवावेत. त्या गाण्यातून उद्या चार पैसे आले, तर पहिला वाटा तिच्या हातावर ठेवावा. जोशींना याहून चांगली आदरांजली नाही.