सूत्र बदललें कीं भाष्यही बदलावें

गेल्या वर्षींचें पंचांग कितीही शुद्ध छापलेलें असलें, तरी त्यावरून यंदाची एकादशी धरतां येत नाहीं. संगणकाच्या व्यवसायांत असलेल्या आपल्या घरांतील तरुण मंडळींपुढें हाच प्रश्न नित्य उभा असतो.

संगणकास आज्ञा देण्यासाठीं रचलेल्या भाषांपैकीं 'पायथन' ही ग्विडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केली. तिजबरोबर तयार आज्ञासंचांचें एक भांडारच मिळतें; त्यांतील एकेका संचास मॉड्यूल म्हणतात. कोणतें मॉड्यूल काय मागतें व काय देतें, हें सांगणाऱ्या लेखनास ते डॉक्युमेंटेशन म्हणतात. आपण भाष्य म्हणूं. भाष्य मुळींच नसेल, तर वाचक मूळ वाचून कष्टानें कां होईना अर्थ लावतो. परंतु मूळ बदलून भाष्य जुनेंच राहिलें, तर तो बिचारा विश्वासानें फसतो.

यावर त्या मंडळींनीं योजिलेले दोन उपाय ध्यानांत घेण्याजोगे आहेत. पहिला नोंदीचा. 'सीजीआय' नांवाचें जुनें मॉड्यूल २०२२ सालच्या ३.११ या आवृत्तींत त्याज्य म्हणून जाहीर झालें व २०२४ सालच्या ३.१३ मध्यें काढून टाकलें गेलें. तरीही त्याचें पान भाष्यांत ठेविलें असून, तें शेवटचें ३.१२ मध्यें होतें, असें तेथें लिहिलें आहे. गेलेल्या माणसाचें नांव वंशावळींत राहतें, तसेंच हें. दुसरा उपाय पडताळ्याचा. 'डॉकटेस्ट' हें मॉड्यूल भाष्यांतील उदाहरणें प्रत्यक्ष करून पाहतें, आणि छापलेलें उत्तर जुळलें नाहीं तर तसें सांगतें.

मात्र उदाहरण बरोबर असून वाक्य दुर्बोध असूं शकतें. नवशिका कोठें अडखळेल, हें यंत्रास कळत नाहीं. तेथें माणूसच बसावा लागतो. आणि या माणसाचें कौतुक सहसा होत नाहीं. नवें रचणाऱ्याची वाहवा होते, जुनें नीट ठेवणारा कारकून ठरतो.

आपल्या परंपरेनें असा भेद केला नाहीं. पाणिनीच्या सूत्रांत काय सांगितलें, काय राहिलें, काय चुकलें, याचा विचार कात्यायनानें वार्तिकांत केला. पतंजलीनें त्यावर महाभाष्य रचिलें. आणि व्याकरणाचे मुनि म्हणून तिघांचीही गणना एकत्रच होते. तेव्हां घरांतील मुलगा किंवा सून संध्याकाळीं म्हणाली कीं, "आज नवें कांहीं केलें नाहीं, जुनेंच लिखाण दुरुस्त केलें," तर तिचा दिवस फुकट गेला असें वडील मंडळींनीं समजूं नये.