विश्लेषण : दत्तक घेतलेली लेक दोन वर्षे परदेशी का जाऊ शकत नाही?

समजा, आमगाव तालुक्यातील एक तरुण अमेरिकेत एच-१बी व्हिसावर नोकरी करतो. गावाकडे त्याचा भाऊ आणि वहिनी दोघेही गेले. मागे चार वर्षांची मुलगी राहिली, ती आजीजवळ आहे. आजी थकली आहे. काका-काकू म्हणतात, ‘पोर आमची, आम्ही नेतो.’ नातेवाईक बसतात, पाच माणसांसमोर मुलगी काकूच्या मांडीवर दिली जाते, नोटरीचा शिक्काही होतो. घरच्यांना वाटते, काम झाले. प्रत्यक्षात काम इथून सुरू होते. त्यातले काही महिने नियमांमुळे जातात, पण काही केवळ फाईल टेबलावर पडून राहिल्याने. हे दुसरे महिने त्या मुलीच्या वाट्याला येऊ नयेत.

मांडीवर दिले म्हणजे दत्तक झाले का?

घरात झाले, कागदावर नाही. मूल परदेशी न्यायचे असेल तर केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाचे, म्हणजे ‘कारा’चे, ना-हरकत प्रमाणपत्र लागतेच. बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये नात्यातील दत्तकाची सोय आहे. काका, मामा, आत्या, मावशी, आजी-आजोबा हे ‘नातेवाईक’ या व्याख्येत येतात. हिंदू दत्तक कायदा १९५६ नुसारही दत्तक घेता येते. मात्र तसे घेतलेले मूल परदेशी न्यायचे असेल, तर दत्तक नियमांनुसार जिल्हा पातळीवर पडताळणी होते आणि त्यानंतरच ‘कारा’कडून प्रमाणपत्र मिळते. पासपोर्टच्या खिडकीवर किंवा वकिलातीत नुसता नोटरीचा कागद दाखवून कोणीही पुढे सरकत नाही.

एवढी तपासणी कशासाठी?

याचे उत्तर महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. ऑस्ट्रेलियाची माजी क्रिकेट कर्णधार लिसा स्थळेकर हिचा जन्म १९७९ मध्ये पुण्यात झाला. ससून रुग्णालयाशी संलग्न ‘श्रीवत्स’ संस्थेतून मुंबईचे हरेन आणि त्यांच्या इंग्लिश पत्नी स्यू यांनी तिला तान्हेपणीच दत्तक घेतले. कुटुंब आधी अमेरिकेत, मग केनियात आणि शेवटी सिडनीत स्थिरावले. २०१३ मध्ये याच मुलीने मुंबईत विश्वचषक जिंकला. ही कथा सुखाची, पण त्या काळी प्रत्येक मुलाच्या वाट्याला अशी माणसे येतील याची हमी देणारी यंत्रणा नव्हती. परदेशी दत्तकातील गैरप्रकारांबद्दल लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्यावर १९८४ मध्ये न्या. पी. एन. भगवती यांच्या पीठाने पहिली सविस्तर नियमावली घालून दिली. १९९० मध्ये ‘कारा’ आले आणि २००३ मध्ये भारताने हेग करार मान्य केला. तरीही पुण्यातील ‘प्रीत मंदिर’ संस्थेवरील आरोपांची चौकशी २०१० मध्ये सीबीआयकडे द्यावी लागली. त्यामुळे तपासणी सैल करा, असे म्हणणे मुलाच्या हिताचे नाही.

मग अडते कुठे?

प्रतीक्षा तीन प्रकारची असते. पहिली मूल मिळण्याची. संस्थेतील लहान, निरोगी मुलासाठी तीन ते चार वर्षे थांबावे लागते, याकडे सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये लक्ष वेधले. २०२४-२५ मध्ये देशात ४,५१५ मुले दत्तक गेली, त्यांपैकी ४,१५५ देशातच. परदेशी जाणारी मुले थोडीच. दुसरी प्रतीक्षा तपासणीची : तिकडे गृहभेटीचा अहवाल, इकडे मुलाच्या कुटुंबाची माहिती, दोन्ही देशांची संमती. तिसरी प्रतीक्षा दोन टेबलांमधली. अहवाल लिहून झालेला असतो, पण सही नसते. सही असते, तर जन्म दाखल्यावर नावाचे स्पेलिंग वेगळे निघते. आमच्या उदाहरणातील मुलगी डोळ्यांसमोर आहे, म्हणजे पहिली प्रतीक्षा तिला नाही. दुसरी टाळू नये. तिसरी मात्र निव्वळ वाया जाते.

अमेरिकेतील दोन वर्षांची अट काय आहे?

इथे अनेक कुटुंबे फसतात. हेग करारानुसार मूल नेण्याची अमेरिकेची प्रक्रिया तिथल्या नागरिकांसाठी आहे. एच-१बी व्हिसावरील भारतीयाला तो मार्ग नाही. त्याच्या दत्तक मुलाला अवलंबिताचा एच-४ व्हिसा हवा, तर मूल १६ वर्षांचे होण्यापूर्वी दत्तक झालेले असावे लागते आणि आई-वडिलांकडे किमान दोन वर्षे त्याचा कायदेशीर ताबा व एकत्र वास्तव्य असावे लागते. मूल तिकडे जाऊ शकत नाही, म्हणून ही दोन वर्षे भारतातच काढावी लागतात. एक जण नोकरी सोडून किंवा रजा घेऊन मुलासोबत इकडे राहतो, दुसरा तिकडून पैसे पाठवतो. रोज रात्री व्हिडीओ कॉलवर बाबा दिसतात, एवढेच त्या मुलाचे कुटुंब.

गोंदियातील विलंब इथे का महत्त्वाचा?

कारण कायदेशीर ताब्याचे घड्याळ अधिकृत आदेशाशिवाय सुरू होत नाही. मांडीवर दिल्याची तारीख त्यात धरली जात नाही. म्हणजे जिल्ह्यात फाईल सहा महिने पडून राहिली, तर ती दोन वर्षे अडीच होतात. चार वर्षांची मुलगी साडेसहा वर्षांची होते. शाळा, भाषा, आजीचा लळा सगळे इथे रुजते आणि मग तिला उपटून न्यायचे.

१ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचे आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांकडे आला. वेग वाढावा, हाच हेतू होता. न्यायालयांतील प्रलंबित प्रकरणे वर्ग करण्याला मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्थगिती दिली, तेव्हा आपले प्रकरण नेमके कोणाकडे, हा गोंधळही काही कुटुंबांनी अनुभवला. आदेशासाठी कायद्याने दोन महिन्यांची मुदत आहे. मात्र ती अर्ज दाखल झाल्यापासून मोजली जाते. अर्ज दाखल होण्याआधी जे महिने जातात, त्यांचा हिशेब कोणी ठेवत नाही.

काय करता येईल?

अमेरिकेचा नियम गोंदियात बदलणार नाही. केंद्र सरकारने तो प्रश्न त्या देशाकडे मांडला पाहिजे. दोन्ही देश हेग कराराचे सदस्य असताना, भारतीय प्राधिकरणाने तपासून दिलेल्या आदेशावर आणखी दोन वर्षांची परीक्षा कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. पण त्याची वाट न पाहता जिल्ह्यात करण्यासारखे बरेच आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्षाने परदेशी दत्तकाच्या प्रत्येक प्रकरणाला एक जबाबदार अधिकारी द्यावा. अर्ज येण्याआधीचे दिवसही मोजावेत आणि पुढचा टप्पा कोणत्या तारखेला, हे कुटुंबाला लेखी कळवावे. अशी प्रकरणे जिल्ह्यात मोजकीच असणार. त्यामुळे मनुष्यबळ नाही, ही सबब इथे टिकत नाही.

कुटुंबांनीही काही गोष्टी आधीच कराव्यात. विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी राहत्या देशातील अधिकृत दत्तक संस्था किंवा भारतीय वकिलात गाठावी. मुलाचा जन्म दाखला, जन्मदात्यांचे मृत्यू दाखले आणि आधार यांवरील नावे एकसारखी करून घ्यावीत, कारण पुढे नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयात हीच नावे पाहिली जातात. आपल्या व्हिसाचा दत्तक मुलाबाबत काय नियम आहे, हे पहिल्याच दिवशी विचारावे. दोन वर्षे कोण इकडे राहणार, पगार कोणाचा चालू राहणार, हे घरात स्पष्ट बोलून घ्यावे. मध्यस्थ ‘लवकर करून देतो’ म्हणाला तर तिथूनच परत फिरावे.

मोठ्यांसाठी सहा महिने म्हणजे एक सुनावणी आणि दोन सुट्ट्या. चार वर्षांच्या मुलीसाठी तो तिच्या आयुष्याचा आठवा हिस्सा आहे. फाईलवर तारीख टाकताना मुलीचे वयही तिच्या शेजारी लिहिले, तर कदाचित सही लवकर होईल.