शेजारची सीट

ऑस्ट्रेलियात शहराबाहेर थोडी जमीन घेतली की शेजारीपाजारी पहिला सल्ला देतात तो कुंपणाचा आणि दुसरा क्वाड घेण्याचा. गिप्सलँडमध्ये आम्हालाही याच क्रमाने सल्ले मिळाले. क्वाड म्हणजे चार जाड टायरांची, टांग टाकून बसायची एटीव्ही. नागावच्या किनाऱ्यावर पर्यटक जिच्यावरून चक्कर मारून येतात, तीच. इथे मात्र ती कामाची गाडी. गुरं वळवायची, कुंपण बघून यायचं, तणनाशक फवारायचं, सगळं तिच्यावरून.

आम्ही घेतली साइड-बाय-साइड. शेजारी-शेजारी सीट, स्टिअरिंग, पायाशी ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, सीटबेल्ट, डोक्यावर पोलादी सांगाडा आणि मागे खत-माती ओतायला उचलता येणारा हौदा. किमतीकडे पाहिलं असतं तर क्वाडच आली असती. आम्ही पाहिलं ते तोलाकडे.

क्वाडवर तोल सांभाळतो तो चालवणारा. चढावर पुढे झुकायचं, उतारावर मागे सरकायचं, डोंगरउतारावरून आडवं जाताना अंग वरच्या बाजूला टाकायचं. घोडेस्वाराची मांड जशी अंगात मुरावी लागते, तसंच हे. त्यात मागच्या रॅकवर फवारणीची टाकी बांधली की गुरुत्वमध्य वर जातो. अर्धी रिकामी झाली की आतलं पाणी डचमळून वळणावर उलटीकडे ढकलतं. अशा वेळी गवतात दडलेला ओंडका किंवा वोम्बॅटचं बीळ चाकाखाली आलं, तर क्वाड उलटायला क्षण पुरतो. काहीशे किलोंचं धूड छातीवर येतं, श्वास कोंडतो आणि हाक ऐकायला आसपास कुणी नसतं.

शेतावरच्या अपघाती मृत्यूंच्या कारणांत क्वाड इथे वर्षानुवर्षं वरच्या जागी राहिली आहे. म्हणूनच केंद्र सरकारने २०१९ मध्ये सुरक्षा मानक आणलं. ११ ऑक्टोबर २०२१ पासून कामाच्या प्रत्येक नव्या क्वाडवर संरक्षक कमान सक्तीची झाली. गाडी उलटली तरी खाली माणसापुरती पोकळी राहावी, हा तिचा हेतू. होंडा, यामाहा यांसारख्या कंपन्यांनी तिला विरोध केला आणि या क्वाड इथल्या बाजारातून काढून घेतल्या. कमानीमुळेच इजा होऊ शकते, हा त्यांचा मुद्दा. भर हेल्मेट आणि प्रशिक्षणावर. प्रशिक्षण हवंच. पण उत्तम शिकलेला माणूसही दिवसभर राबून संध्याकाळी दमतो. तेव्हा क्वाड त्याच्याकडे सकाळचीच चपळाई मागते. साइड-बाय-साइड तेवढं मागत नाही.

क्वाडला तिची जागा आहे. आमच्या पलीकडे दुधाचा धंदा करणारे शेतकरी आहेत. झाडांच्या दाटीतून, अरुंद बांधावरून ते क्वाड अशी काढतात की बघत राहावं. आमची रुंद गाडी तिथे अडकते. वळायला तिला जास्त जागा लागते, पावसाळी चिखलात तिच्या वजनाने चाकोऱ्या पडतात. पण त्यांचा जन्म त्या उतारांवर गेला. मी आठवडाभर संगणकापुढे बसून शनिवारी शेतकरी होतो.

साइड-बाय-साइड उलटत नाही, असं मात्र नाही. बेल्ट लावला नसेल तर माणूस बाहेर फेकला जातो आणि ज्या सांगाड्याने वाचवायचं तोच अंगावर येतो. बेल्टचा खरा शत्रू म्हणजे फाटक. दर तुकड्याला एक. उतरा, उघडा, गाडी आत घ्या, पुन्हा उतरा, बंद करा. दर वेळी बेल्ट सोडायचा, लावायचा. पुढच्या फाटकापुरतं कशाला, असं मन म्हणतंच. यावर इथे जुना तोडगा आहे : शेजारी बसेल त्याने फाटक उघडायचं. सांगलीहून बाबा आले की ते काम त्यांचं. गुडघ्यांमुळे क्वाडवर टांग टाकणं त्यांना जमलं नसतं. या सीटवर ते ऐटीत बसतात आणि माझा बेल्ट लागल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत.

हल्ली जमीन घेणारे मित्र विचारतात, दोन्हींत चांगली कोणती? मी उलट विचारतो : चालवणार कोण, मागे ओझं किती आणि दिवसाच्या शेवटी अंगात त्राण किती उरतं? बहुतेकांचं उत्तर तिसऱ्या प्रश्नातच ठरतं.